नगराची नवी बाजारपेठ : लोकांचे पाठबळ कशाला म्हणावे ?

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हा केवळ म्हापसेकरांचा बाजार नव्हे. बारदेश, पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून टोपल्या, गाठोडी आणि मडकी घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांचा तो बाजार आहे. हरमलची मिरची, मयड्याची केळी, जत्रांतून विकले जाणारे खाजे या तीन जिनसांना २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्या त्यांची ओळख गिऱ्हाइकांना करून दिली ती अशा बाजारातील जमिनीवर बसणाऱ्या बायांनी. पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, आमसुले, मिरची व कडधान्ये यांचा साठा करण्याची, म्हणजेच पुरुमेंताची खरेदी याच बाजारात होत आलेली आहे. आज उभी असलेली म्हापशाची नगरपालिका मंडई १९६० साली, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, नियोजनपूर्वक बांधण्यात आली. म्हणजे ती साठ वर्षांहून अधिक जुनी आहे. आणि बाजार भरण्याची परंपरा तर त्याहूनही जुनी आहे.

गोव्यात काय किंवा बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथे काय, नगराच्या मध्यभागी असलेल्या अशा जुन्या बाजारपेठांच्या जागी नवे, बहुमजली व्यापारी संकुल उभारण्याचे प्रस्ताव वेळोवेळी येत असतात. अशा प्रत्येक प्रस्तावासोबत "स्थानिक जनतेचा पाठिंबा आहे" असे एक वाक्य हटकून जोडलेले असते. हा पाठिंबा म्हणजे नेमके काय, तो कोणाचा असावा लागतो आणि तो खरा आहे की नाही हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रस्ताव का येतात ?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, असे प्रस्ताव बहुधा निष्कारण येत नाहीत. जुन्या मंडईचे छप्पर गळते, सांडपाण्याची गटारे तुंबतात, मासळी बाजारात पाणी पुरत नाही, स्त्री-विक्रेत्यांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे नसतात, विजेच्या तारा उघड्या लोंबकळत असतात आणि आग लागली तर अग्निशामक दलाची गाडी आत शिरण्याइतकी वाट उरलेली नसते. वाहने उभी करण्यास जागा नसल्याने गिऱ्हाईक शहराबाहेरील नव्या दुकानांकडे वळते. नगराच्या मध्यभागाची रया जाऊ लागली की, तेथील दुकानदार, नगरपालिका आणि नागरिक या सर्वांनाच बदल हवासा वाटतो. अशा स्थितीत नव्या बाजारपेठेस पाठिंबा देणारे लोक हे कोणाचे तरी हस्तक असतात असे समजणे अन्यायाचे ठरेल.

दुसरे कारण आर्थिक आहे. नगरपालिकांपाशी मोठे बांधकाम स्वतःच्या निधीतून करण्याइतका पैसा क्वचितच असतो. म्हणून "बांधा, वापरा व हस्तांतरित करा" किंवा तत्सम पद्धतीचा अवलंब होतो. या पद्धतीत खाजगी विकासक इमारत बांधतो. तिच्यातील काही भाग जुन्या दुकानदारांना व विक्रेत्यांना देतो. आणि उरलेले गाळे भाड्याने किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊन आपला खर्च व नफा भरून काढतो. यात मूलतः गैर असे काही नाही. परंतु विकासकाचे उत्पन्न ज्या गाळ्यांतून यावयाचे, ते गाळे रस्त्याकडील आणि तळमजल्यावरील असावेत अशी त्याची स्वाभाविक इच्छा असते. आणि भाजी, फुले, मासळी विकणाऱ्यालाही नेमकी तीच जागा हवी असते. बाजारपेठेच्या पुनर्रचनेतील बहुतेक वादांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

पाठबळ कोणाचे ?

बाजारपेठेशी ज्यांचा संबंध येतो असे लोक एकाच प्रकारचे नसतात. पक्क्या गाळ्यात बसणारा कापडाचा किंवा किराणा मालाचा व्यापारी हा नगरपालिकेचा भाडेकरू अथवा परवानाधारक असतो. त्याचा हक्क करारपत्रावर अवलंबून असतो. ओट्यावर बसणारा रोजचा भाजीवाला सोपो भरतो. त्याच्यापाशी पावतीखेरीज दुसरा कागद बहुधा नसतो. आठवड्यातून एकदाच येणारी ग्रामीण विक्रेती तर कोणत्याच नोंदवहीत नसते. यांखेरीज हमाल, रिक्षावाले, चहाची टपरी चालविणारे, आसपास राहणारे कुटुंबीय आणि शेवटी गिऱ्हाईक हेही आहेत.

व्यापारी संघटनेने ठराव करून पाठिंबा दिला म्हणजे तो पाठिंबा खोटा नसतो. परंतु तो त्या संघटनेच्या सभासदांचा असतो. संघटना, कार्यालय आणि पत्रव्यवहार ज्यांच्यापाशी आहे त्यांचे म्हणणे सहज ऐकू येते. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्यांचे मौन हीच संमती मानली जाण्याचा धोका असतो. म्हणून "किती लोकांनी पाठिंबा दिला" या प्रश्नाइतकाच "कोणाला विचारलेच नाही" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भाजी-मासळीचे विक्रेते आणि पक्के दुकानदार यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत असे वरवर दिसते. वस्तुतः ते एकमेकांत गुंतलेले आहेत. भाजी, मासळी, फुले यांसाठी माणूस वारंवार बाजारात येतो. कापड, भांडी किंवा दागिने यांची खरेदी तो अशाच फेरीत करतो. टोपलीवाल्या बाया बाजारातून हलविल्या तर त्यांच्यामागोमाग गिऱ्हाईकही हलते आणि नव्या संकुलातील झगझगीत गाळ्यांत शुकशुकाट होतो. सबब, विक्रेत्यांच्या जागेची काळजी घेणे हे दुकानदारांनी त्यांच्यावर केलेले उपकार नव्हेत. त्यात दुकानदारांचा स्वतःचा स्वार्थही आहे.

पुण्याच्या मंडईचा दाखला

हा प्रश्न आजचा नाही. पुण्यातील भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. त्याऐवजी शुक्रवार पेठेत मोठी दगडी मंडई बांधण्याचा बेत नगरपालिकेने केला, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी त्यास विरोध केला. हरि रावजी चिपळूणकर यांनीही त्यांना साथ दिली. करदात्यांचा पैसा भव्य इमारतीवर खर्च करण्याऐवजी शिक्षणाकडे वळवावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. विरोध बाजूस सारून मंडई उभी राहिली आणि १८८६ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती सुरू झाली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना याच मंडईस महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.

या घटनेतून दोन बोध घेता येतात. पहिला असा की, बाजारपेठेच्या प्रस्तावास विरोध करणारा मनुष्य हा बाजाराचा किंवा प्रगतीचा शत्रू असतोच असे नाही. सार्वजनिक पैसा प्रथम कशावर खर्च व्हावा हा त्याचा प्रश्न असू शकतो, आणि तो प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे. दुसरा असा की, ती इमारत एक शतकाहून अधिक काळ पुणेकरांच्या उपयोगी पडली, हेही तितकेच खरे आहे. विरोधातील तथ्य आणि प्रस्तावातील गुण ही दोन्ही एकाच वेळी असू शकतात. सार्वजनिक चर्चेचे काम या दोहोंचा मेळ घालण्याचे आहे.

इमारत आणि बाजार

बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खंडेराव मार्केटची देखणी वास्तू उभारून ती नगरपालिकेस दिली. आज तेथे महानगरपालिकेची कार्यालये असून लगतच भाजी व फुलांचा बाजार भरतो. ग्वाल्हेर येथील महाराज बाड्यावरचे व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली आगीत जळाले. पुढे त्या वास्तूचा जीर्णोद्धार झाला आणि तेथे भूविज्ञानाचे संग्रहालय स्थापन झाले. वास्तू वाचली ही समाधानाची गोष्ट होय. परंतु इमारत टिकणे आणि तिच्यातील बाजार टिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

इंदूरच्या छप्पन दुकान या खाद्यपदार्थांच्या बाजाराची पुनर्रचना २०२० साली झाली. तेथील दुकाने हलविण्यात आली नाहीत. त्यांच्यासमोरील रस्ता वाहनांस बंद करून पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला, बसण्याची सोय झाली आणि दर्शनी भाग एकसारखे करण्यात आले. हे काम ५६ दिवसांत उरकण्याचे ठरविले होते. धंदा किती दिवस बंद राहणार हे आधी माहीत असले, आणि जागा जाणार नाही याची खात्री असली, म्हणजे व्यापाऱ्यास गैरसोय सोसणे पुष्कळ सोपे जाते. अर्थात, प्रत्येक बाजाराची दुरुस्ती इतक्या थोड्या अवधीत होऊ शकेल असे नाही. परंतु आहे तो बाजार न मोडताही सुधारणा करता येते, हा पर्याय प्रथम तपासून पाहण्यास काय हरकत आहे?

कायदा काय सांगतो ?

उघड्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांच्या संरक्षणासाठी संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ संमत केला. त्यातील प्रमुख तरतुदी सर्वांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रत्येक नगरात एक नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिचे अध्यक्षपद महानगरपालिकेचे आयुक्त अथवा नगरपालिकेचे मुख्याधिकारी यांच्याकडे असते. समितीतील किमान ४० टक्के सभासद हे विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे असते. आणि ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्यास उठविता येत नाही. विक्रेत्याचे स्थलांतर करावयाचे झाल्यास ३० दिवसांची पूर्वसूचना देणे बंधनकारक आहे. जप्त केलेला नाशवंत माल आवश्यक ते शुल्क भरल्यावर त्याच दिवशी, आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो.

शक्यतो स्थलांतर टाळावे. टाळता न आल्यास पुनर्वसनाची आखणी व अंमलबजावणी यांत बाधित विक्रेत्यांना सहभागी करून घ्यावे. आणि नव्या जागी त्यांची मिळकत सुधारावी, निदान पूर्वीइतकी तरी राहावी, अशी तत्त्वे या अधिनियमाच्या अनुसूचीत सांगितलेली आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार हे वारसा बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही तत्त्व तेथे नमूद आहे. मात्र एखादा बाजार "नैसर्गिक" आहे हे समितीच्या शिफारशीवरून स्थानिक संस्थेने ठरवावे लागते. ते आपोआप ठरत नाही. म्हणून बाजार जुना आहे असे म्हणून स्वस्थ बसणे पुरेसे नाही. त्याची तशी नोंद करून घेतली पाहिजे.

या कायद्यात खेड्यांतील विक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे अशा दोन बाबी आहेत. विक्रेत्यांना सामावून घेण्याची मर्यादा ही त्या प्रभागाच्या किंवा नगराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्के अशी आहे. २०११ च्या जनगणनेत म्हापशाची लोकसंख्या सुमारे ४०,००० होती. त्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे १,००० येते. ज्या बाजारास अनेक तालुक्यांतून विक्रेते येतात तेथे नगराच्या लोकसंख्येवर बेतलेली मर्यादा आठवडी दिवशी अपुरी पडू शकते. दुसरी बाब अशी की, प्रमाणपत्र घेताना उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याची हमी द्यावी लागते. स्वतःच्या परसातील भाजी किंवा कुळागरातील सुपारी-केळी आणून आठवड्यातून एकदाच विकणाऱ्या शेतकरी स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न निश्चितच उपस्थित होईल. यासाठी आठवडी बाजाराची जागा व वेळ योजनेतच स्वतंत्रपणे दाखविली जावी, असा आग्रह सूचना मागविल्या जात असतानाच धरणे इष्ट होय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेत, शहराच्या हद्दीत येऊन विक्री करणाऱ्या आसपासच्या ग्रामीण विक्रेत्यांना शिफारसपत्राच्या आधारे कर्ज मिळण्याची सोय ठेवण्यात आली होती. यावरून खेड्यातील विक्रेता हाही नगराच्या बाजाराचा घटक होय हे तत्त्व शासनास मान्य असल्याचे दिसते.

भाड्याचे गणित

एकाच योजनेस एकाचा मनापासून पाठिंबा आणि दुसऱ्याचा मनापासून विरोध कसा असू शकतो, हे एका साध्या हिशेबाने कळेल. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, दोन विक्रेते दर दिवशी ५०० रुपये मिळवितात आणि प्रत्येकी ५० रुपये सोपो भरतात. पहिला महिन्यातून २६ दिवस बसतो. त्याची मिळकत १३,००० रुपये व सोपो १,३०० रुपये होतो. दुसरी विक्रेती केवळ चार शुक्रवारी येते. तिची मिळकत २,००० रुपये व सोपो २०० रुपये होतो. नव्या इमारतीत प्रत्येक ओट्यास दरमहा १,२०० रुपये ठराविक भाडे ठरले, तर पहिल्याचे १०० रुपये वाचतात; शिवाय डोक्यावर पक्के छप्पर येते. तो पाठिंबा देईल यात नवल नाही. दुसरीस मात्र २०० ऐवजी १,२०० रुपये द्यावे लागतील आणि तिच्या हाती १,८०० ऐवजी केवळ ८०० रुपये उरतील. त्यातून बसभाडे वजा केले म्हणजे बाजारास येणेच तिला परवडणार नाही. ती विरोधाचे निवेदनही देणार नाही; ती केवळ येईनाशी होईल, आणि तिच्याबरोबर तिच्या गावचे वाण बाजारातून नाहीसे होईल.

उपाय कठीण नाही. काही ओटे रोजच्या शुल्कावर राखून ठेवले आणि ती अट करारातच घातली, तर दोघांचीही सोय होते. परंतु ही गोष्ट योजना कागदावर असतानाच ठरवावी लागते. इमारत उभी राहिल्यावर, गाळ्यांचे वाटप झाल्यावर, तिला अर्थ उरत नाही.

पाठिंबा देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

नव्या बाजारपेठेस संमती देणाऱ्या प्रत्येकाने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात मागावीत :

१. आज बसणाऱ्या सर्व विक्रेत्यांची, आठवडी विक्रेत्यांसह, नावनिशीवार यादी तयार झाली आहे काय ? ती बाजारात लावण्यात आली आहे काय ?

२. बांधकाम चालू असताना बाजार कोठे भरेल ? ती जागा बसस्थानकापासून किती दूर आहे ? तेथे पाणी, छप्पर व स्वच्छतागृह आहे काय ?

३. नव्या इमारतीत भाजी, फुले व मासळी यांचे ओटे तळमजल्यावर आहेत काय ? हातात पिशव्या घेतलेले गिऱ्हाईक भाजीसाठी जिना चढण्यास सहसा राजी नसते.

४. भाडे व देखभालखर्च किती, आणि ते किती वर्षांनी व कोणत्या प्रमाणात वाढेल ?

५. काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाही तर विकासकावर कोणती जबाबदारी राहील ?

६. कचरा, सांडपाणी, अग्निसुरक्षा आणि मालाच्या गाड्या यांची कोणती व्यवस्था नकाशात दाखविली आहे ?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. नुसत्या रंगीत चित्रावर दिलेली सही ही संमती नव्हे, ती केवळ आशा होय.

प्रत्येकाचे कर्तव्य

अधिकाऱ्यांनी योजनेचा नकाशा कार्यालयाच्या फलकावर लावून थांबू नये. तो बाजाराच्या दिवशी बाजारातच, लोकांना कळेल अशा भाषेत लावावा आणि समजावून सांगण्यास कोणीतरी तेथे उपस्थित राहावे. हरकती व सूचना नोंदविण्याची वेळ कामकाजाच्या दुपारी ठेवली तर विक्रेती येऊ शकणार नाही, कारण त्या वेळी ती आपल्या टोपलीपाशी असते. सभेत विरोधी मत मांडले गेले तर ते इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदविले जावे. कागदोपत्री एकमत दाखवून सुरू केलेली कामे पुढे न्यायालयात अडकतात आणि खर्च वाढतो. आरंभी घालविलेला वेळ शेवटी वाचतो.

ग्रामस्थांनी सोपोच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आपण किती वर्षे त्या जागी बसतो याचा तोच पुरावा होऊ शकतो. सर्वेक्षणाच्या दिवशी हजर राहून आपले नाव लिहून घेतले जाईल याची दक्षता घ्यावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमान्वये योजनेचे कागद मागता येतात आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे आवश्यक असते. ग्रामपंचायतीनेही आपल्या गावातून किती विक्रेते नगराच्या बाजारात जातात याची नोंद ठेवून ती नगरपालिकेस कळवावी. बाजार नगराच्या हद्दीत असला तरी त्यावर अवलंबून असलेली घरे खेड्यांत आहेत.

शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांकडून एखाद्या बाजाराच्या दिवशी साधी पाहणी करवून घ्यावी : कोण कोणत्या गावाहून आले, काय विकावयास आणले, कोणत्या वाहनाने आले, किती वर्षे येतात. त्यातून विद्यार्थ्यांना भूगोल, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा एकत्र पाठ मिळेल. आणि जी माहिती कोणत्याच दप्तरात नाही ती नगरपालिकेच्या हाती येईल.

नगराचा मध्यभाग जुन्याच अवस्थेत राहावा असे कोणी म्हणणार नाही. गळके छप्पर आणि तुंबलेली गटारे यांत जतन करण्याजोगे काही नाही. नवी बाजारपेठ अवश्य व्हावी. परंतु ज्यांच्यामुळे तिला बाजारपेठ म्हणावयाचे, त्यांची जागा तिच्या नकाशावर पहिल्या दिवसापासून असावी. ज्या नगरपालिकांकडे असा प्रस्ताव विचाराधीन असेल, त्यांनी विक्रेत्यांच्या सर्वेक्षणापासून आरंभ करावा. आणि ज्या ग्रामस्थांचा माल तेथे जातो, त्यांनी सर्वेक्षणाची वाट न पाहता आपापल्या ग्रामसभेत या विषयाची चर्चा घडवून आणावी.